पाहुण्यांचं वायफाय आणि आबांचा आवाज

भाजे, ता. मावळ
मंगळवार, दुपार

ती. स्व. दाजी यांच्या सेवेशी,
धाकटा मेहुणा प्रदीप याचा सविनय जय भीम.

आपली तब्येत ठणठणीत असेल, साखर आटोक्यात असेल आणि ताई इकडे असल्यामुळे स्वतःच्या हाताने केलेल्या भाकरीचा आकार आता गोलाकडे झुकू लागला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचे गुडघे परतीच्या पावसात कुरकुरले, पण रविवारी आबांच्या दहाव्या स्मृतिदिनाला ती पस्तीस माणसांना वाढायला स्वतः उभी होती. (तिला बसवायला तिघं गेले. तिघांनाही तिने ताटावर बसवलं.) रुपाली बरी आहे आणि माझ्याशी बोलते, हे मुद्दाम लिहितो, कारण मधले पंधरा दिवस ती बोलत नव्हती. ताई पुढच्या पौर्णिमेपर्यंत इथेच राहणार म्हणते. पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात, आणि ताईकडे निरोप दिला तर त्यातला अर्धा ती स्वतःजवळच ठेवते. पोस्टमन मात्र तुमच्या दारात येणारच. शिवाय मनमाडच्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापकी केलेला माणूस हाती आलेला कागद वाचल्याशिवाय आणि त्यातल्या चुका तांबड्या पेनाने दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही, या भरवशावर लिहायला बसलो आहे.

आधी चांगली बातमी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हीही माझ्यासारखा सुटकेचा श्वास घ्याल. आबांचा आवाज रविवारी वाजला. अकराही कॅसेटींतला, स्वच्छ, अगदी मागच्या कोंबड्यासकट. तो कसा वाजला आणि वाजण्याआधी माझं काय काय वाजलं, ते सविस्तर लिहितो.

तुमच्या रागाचं कारण मला मान्य आहे. सत्त्याऐंशी साली लग्नात मिळालेला तो रेडिओ-टेपवाला टू-इन-वन घेऊन तुम्ही सासुरवाडीला यायचात, तो आबांच्या पुढ्यात ठेवून तांबडं बटण दाबायचात, आणि आबा दिवसभर रेल्वेच्या गँगमध्ये राबून आलेले असले तरी पाय न धुता गायला बसायचे. गाणी स्वतःच बांधलेली. ना वही, ना चिटोरं. त्यांचा आवाज जगात राहिला तो फक्त तुमच्या त्या बारा कॅसेटींत. त्यातल्या अकरा मी ‘आठवड्यात परत करतो’ म्हणून आणल्या, त्या आठवड्याला आता पाच वर्षं होतील. (बारावी तुम्ही दिली नाहीत. माणसांची पारख तुम्हाला पहिल्यापासून आहे.) मग दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात, हातातला घास ताटात ठेवून, तुम्ही जाहीर केलंत की अकरा कॅसेटी हातात पडल्याशिवाय भाज्याच्या वेशीत पाय ठेवणार नाही. आणि ठेवला नाहीत. रविवारीही नाही. आईने तुमचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, हे सांगायचं नाही असं तिने बजावलंय. (कॅसेटी कुठे आहेत हे आत्ताच विचारू नका. पत्राच्या शेवटी त्यांची सोय केली आहे.)

तर प्रज्ञेशने, म्हणजे तुमच्या भाच्याने, बंगळूरला नोकरीवर परत जाण्याआधी सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि माझ्या कारखान्यातून मोडीत निघालेल्या एका संगणकाचा घरच्यासाठी सर्व्हर बनवून दिला. सर्व्हर म्हणजे काय, तर पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसतं कपाटावर बसून घुमायचं आणि घरातल्या कुणीही मोबाइलवरून गाणं मागितलं की द्यायचं. आई त्याला डबा म्हणते. डबा उत्तम होता, पण त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता खराब. केबलवाल्याने दिलेलं वायफायचं खोकं पुढच्या ओट्याजवळ, डबा आतल्या खोलीत, मध्ये दीड हात जाडीची दगडी भिंत. आबांचं गाणं पहिल्या कडव्यापर्यंत यायचं आणि मोबाइलवर ते गोल फिरायला लागायचं. आई शांतपणे म्हणायची, “दम लागला आसंल त्यास्नी. थांबा वाईच.” आणि खरोखरच पदर सावरून थांबायची. मला ते बघवेना. त्या भरात मी ग्रुपवर जाहीर करून बसलो की येत्या स्मृतिदिनाला जो येईल तो आपापल्या मोबाइलवर, एकाच वेळी, आबांना न अडखळता ऐकेल. तुम्ही ग्रुप सोडल्यामुळे तुम्हाला हे कळलं नाही. बाकी चाळीस जणांनी मला अंगठा दाखवला.

म्हणजे आता चांगला राउटर घेणं आलं. दाजी, मी बेगडेवाडीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं विजेची कामं करतोय, सुट्टीच्या दिवशी तुंगार्लीच्या बंगल्यांत वायरिंगही करतो, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा माझा समज होता. तुंगार्लीत एका बंगल्याचे मालक महिन्यातून एकदा येतात, पण तिथे प्रत्येक मजल्यावर एक राउटर आहे आणि कुत्र्याच्या घरातही पूर्ण रेंज येते. (कुत्रा मालकांबरोबरच येतो. एरवी ती रेंज राखणदार वापरतो.) तिथले राउटर पाहून मी असा सिद्धांत काढला की जितके अँटेना जास्त तितका राउटर चांगला. प्रज्ञेशने फोनवर सांगितलं की बाबा, अँटेना मोजू नका. त्याला तारेची चार भोकं आहेत का बघा, डबा वायफायवर न ठेवता तारेने जोडा, आणि ‘यंत्राचा नंबर पक्का करता येतो का’ हे दुकानदाराला विचारा. मी तिन्ही गोष्टी कागदावर लिहून घेतल्या आणि लोणावळ्याला गेलो. बाजारपेठेतल्या दुकानदाराने कागदाकडे न बघता मला विचारलं, घर केवढं? मी सांगितलं. भिंती कसल्या? सांगितलं. तुम्ही काय करता? हेही सांगितलं. मग त्याने आठ अँटेनांचा एक राउटर काढून काउंटरवर ठेवला. पाठीवर पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, हाच. भोकं मोजायचं भान आलं तेव्हा मी स्टेशनवर होतो. (चार निघाली. काही वेळा माझं नशीब माझ्यापेक्षा हुशार असतं.) ताई येणार म्हणून जाता जाता चिक्कीही घेतली. दुकानाचं नाव छापलेली ती जाड पिशवी मिळाली. ही पिशवी लक्षात ठेवा, तिचं पुढे काम आहे.

राउटर घरी आला आणि रुपालीचं बोलणं बंद झालं. तिला अंगणवाडीची सगळी माहिती मोबाइलवर भरून पाठवायची असते, कोणत्या पोराचं वजन किती, उंची किती, आणि ती नेमकी शेवटच्या पोरापर्यंत आली की मी राउटर बंद करून परत चालू करत असे. एकदा तिने पंचवीस पोरं दोनदा भरली. पण माझाही इलाज नव्हता. केबलवाल्याचं खोकं हाही एक राउटरच असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका कचेरीत दोन हेडक्लार्क बसावेत तसं झालं. दोघंही आपापल्या वहीत नंबर वाटायला लागले, आणि डबा एकाच्या वहीत आणि आमचे मोबाइल दुसऱ्याच्या. मग प्रज्ञेशने फोनवरून एकेक पायरी सांगत त्या जुन्या खोक्याला नुसतं तार पुढे देण्याच्या कामावर बसवलं. तेवढ्यात विजा कडाडून लाइट गेली. आली तेव्हा राउटरने डब्याला नवाच नंबर दिलेला, आणि मोबाइल जुन्या नंबरावर हाका मारत बसलेले. लाइट आपल्याकडे दिवसातून किती वेळा जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी तो ‘नंबर पक्का करायचा’ रकाना सापडला आणि डब्याची जागा कायमची राखीव झाली. शुक्रवारी संध्याकाळी घरातल्या तिन्ही मोबाइलवर आबा एकदम गायला लागले, एकही कडवं न गाळता. आईने विचारलं, “आता दम न्हाई लागत व्हय?” मी म्हटलं, नाही लागत. त्या दिवशी मी इतका खूश होतो की तिथेच थांबायला हवं होतं.

पण शनिवारी आईने विचारलं की उद्या एवढे पाव्हणे येणार, त्यांना काय देणार? मी म्हटलं तेच वायफाय, ‘घर’ नावाचं. ती म्हणाली, “आपलं उष्टं-खरकटं देतोस व्हय? पाव्हण्याला चांगलं द्यावं, आपुन उरलं-सुरलं घ्यावं.” आता तुम्हीच सांगा, ज्या घरात पाहुण्याला स्टीलच्या तांब्यातून पाणी आणि आम्हाला माठातून ओंजळीने, त्या घरात हे चुकीचं कसं म्हणायचं? राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढायची सोय असतेच. ते काढलं, त्याला ‘पाहुणे’ असं नाव दिलं, आणि वेगाचे आकडे भरायची जागा आली तिथे चांगला वेग ‘पाहुणे’ला देऊन उरलेला ‘घर’च्या वाट्याला ठेवला. पुढे राउटरने आणखी एक विचारलं, की घरातल्या वस्तू पाहुण्यांपासून झाकून ठेवायच्या का? मी क्षणभरही विचार न करता होय केलं. पाहुणे येणार म्हटल्यावर रुपाली सकाळपासून सगळा पसारा आतल्या खोलीत ढकलून कडी लावत होती. राउटरलाही तेवढी रीत कळते, याचं मला कौतुकच वाटलं. संध्याकाळपर्यंत घरातल्यांना लक्षात आलं की ‘पाहुणे’ भरभर चालतंय. रुपालीची पोरं पाच मिनिटांत भरून झाली आणि ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. मीही माझा मोबाइल ‘पाहुणे’वर टाकला.

रविवार उजाडला. वंदना झाली, चार जण आबांबद्दल बोलले, जेवणं झाली. मग मी मधल्या खोलीत उभा राहून छोटं भाषण केलं (छोटं म्हणजे रुपालीने खूण करेपर्यंत) आणि सगळ्यांना ‘पाहुणे’ला जोडून घ्यायला सांगितलं. तीस-बत्तीस मोबाइल बाहेर निघाले. वायफाय सगळ्यांना मिळालं. त्या वेगावर पाहुण्यांतल्या एका पोरीने तर बसल्या जागी मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. पण डबा कुणालाच दिसेना. माझ्या मोबाइलवरही नाही. मी कपाटावर चढून पाहिलं, डबा घुमत होता. तार काढून लावली. राउटर बंद करून चालू केला, तीन वेळा. अँटेना सरळ केले, आडवे केले, दोन जणांनी ते आणखी कसे करावेत ते सांगितलं. प्रज्ञेशला फोन लावला. तो म्हणाला, मला इथून डबा नीट दिसतोय, तुम्हाला का दिसत नाही? मला घाम फुटला. ताई हळूच म्हणाली, “प्रदीप, त्या कॅसेटीच काढ ना. कुणाकडे तरी टेप असंल.” दाजी, त्या कॅसेटींचं काय झालंय ते खोलीत एकट्या मलाच माहीत होतं. तो डबा गेला तर आबा गेले, दुसऱ्यांदा आणि माझ्या हातून. कपाटाच्या कडेला धरून मी उभा होतो आणि मला रडू येत होतं, पन्नाशीच्या माणसाला, पस्तीस माणसांसमोर.

आणि स्वयंपाकघरातून आबा गायला लागले.

सगळे आत धावले. आई भांड्यांच्या ढिगाजवळ पाटावर बसली होती, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि आबा खणखणीत आवाजात दुसऱ्या कडव्यात शिरले होते. मी तिचा मोबाइल हातात घेतला. ‘घर’. सगळ्या वाड्यावस्तीचे मोबाइल ‘पाहुणे’वर, आणि ही एकटी ‘घर’वर. मी विचारलं, आई, तू ‘पाहुणे’वर का नाही गेलीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला तिच्याच ओट्यावर तिकीट मागितलं होतं. “मी कुटं पाव्हणी हाय? मी माज्या घरात हाय.” प्रज्ञेश फोनवर अजून होताच. हे ऐकून तो इतका हसला की बोलता येईना, आणि मग त्याने समजावलं की बाबा, पाहुण्यांपासून घरातल्या वस्तू झाकायला तुम्हीच सांगितलंत, घरातली वस्तू म्हणजे तो डबाच! राउटरने मी सांगितलं तेच केलं होतं. आबांना आतल्या खोलीत ढकलून कडी लावणारा मीच.

मग सगळ्यांना ‘घर’वर घेतलं. वेग उरलेलाच होता, पण गाण्याला वेग फार लागत नाही. पस्तीस माणसं स्वयंपाकघरात आणि दारात दाटीने बसली आणि आबा गायले. कॅसेटीत मध्येच तुमचा खोकला आला तेव्हा ताई हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मला किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा मी नीट जेवलो, दोन वेळा, आणि संध्याकाळी रुपालीने आपणहून चहा दिला. आता राउटर गप आहे, डबा गप आहे, आणि मी कशालाच हात लावत नाही, असं प्रज्ञेशने आणि रुपालीने माझ्याकडून मिळून वदवून घेतलं आहे.

तब्येतीला जपा. एकट्याने गोड खाऊ नका.

आपला,
प्रदीप

ता.क. आता कॅसेटी. मी त्या खरोखर परत करणार होतो. ताईबरोबर पाठवायच्या म्हणून शनिवारी सकाळी काढल्या, दमट झाल्या होत्या म्हणून ओट्यावर उन्हात ठेवल्या, आणि चांगली जाड पिशवी म्हणून चिक्कीच्या त्या पिशवीत भरून ठेवल्या. दाजी, चूक एवढीच. मावळातलं माकड चिक्कीची पिशवी फर्लांगभरावरून ओळखतं. दोन माकडं आली, पिशवी घेऊन समोरच्या उंबरावर गेली आणि चिक्की नाही हे कळल्यावर रागाने एकेक कॅसेट उसवत बसली. अर्ध्या तासाने उंबराला अकरा कॅसेटींची पट्टी लोंबत होती. तेवढ्यात शेजारचा आदिनाथ तिथून चालला होता. त्याचं भात पिकत आलंय आणि पाखरं फार पडतात. तो म्हणाला, “ही पट्टी लय भारी असती पाखरांना. टाकनार असाल तर मी नेतो.” मी काय बोलणार? तोंडातून शब्द फुटेना, त्याला तो होकार वाटला. आता त्याच्या खाचराभोवती ती सगळी ताणून बांधली आहे. तो सांगतो, वारा सुटला की गुणगुणते आणि एक पाखरू फिरकत नाही. हे फक्त त्याला, मला आणि आता तुम्हाला माहीत आहे. ताईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी गुन्हेगार आहे, न्यायाधीश नाही.

ता.क. २. तुमची प्रतिज्ञा मी नीट आठवून पाहिली. ‘अकरा कॅसेटी हातात पडल्याशिवाय भाज्याच्या वेशीत पाय ठेवणार नाही.’ आदिनाथचं खाचर मळवली स्टेशनावरून येताना वेशीच्या अलीकडे आहे, रस्त्याला लागून. तिथे रिक्षा थांबवा, बांधावर उभे राहा आणि पट्टी हातात धरा. अकराही आहेत, मी गाठी मोजल्या आहेत. त्यानंतर वेशीत पाय ठेवायला प्रतिज्ञेची आडकाठी राहत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. भात कापणीला आलंय, म्हणजे हातात आठ-दहा दिवस आहेत. बारावी कॅसेट आणि टू-इन-वन बरोबर आणा. माझ्या हातात देऊ नका. तांबड्या बटणाला तुम्हीच हात लावायचा.

ता.क. ३. हे आईने सांगितलंय म्हणून लिहितो. रविवारी शेवटच्या कॅसेटीच्या शेवटी गाणं संपल्यावर आबा बोललेत. आमच्या कुणाच्याच ध्यानात नव्हतं. “पाव्हणं, बंद करा आता ते. च्या निवतुया.” मग खट्ट, आणि पुढे काही नाही. ते ऐकून आई म्हणाली की ह्यांनी जन्मभर जावयाला पाव्हणंच म्हटलं. अडतीस वर्षं झाली, आता पुरे. तुम्ही आलात की तुमचा मोबाइल ‘घर’ला जोडायचा, ‘पाहुणे’ला नाही, असा तिचा हुकूम आहे. मी म्हटलं, पासवर्ड पत्रात लिहून पाठवतो. तर म्हणाली, “कागदावर कशाला? येऊ दे त्यास्नी. च्या ठिवते, मंग सांगते.”